फुफ्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन: आधीच सांगितलेला आकडा किती धरून चालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६७ वर्षांचे. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये, म्हणजे वरच्या खंडात, ३.६ सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत अडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार), पेट-सीटीत (कर्करोगाचा प्रसार शोधणाऱ्या स्कॅनमध्ये) बाकी कुठे काही दिसत नाही. श्वासाच्या तपासणीत एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा) अपेक्षेच्या ७२ टक्के, डीएलसीओ (हवेतला वायू रक्तात जाण्याची क्षमता) ५८ टक्के. मधुमेह आहे, सिगारेट दोन महिन्यांपूर्वी सोडली, वजन सहा किलोंनी उतरलं आहे. सर्जन तो लोब काढायचा म्हणतात. तुम्ही मोबाइलवरच्या एका कॅल्क्युलेटरमध्ये माहिती भरली, तर ‘पाच वर्षं जगण्याची शक्यता ६८ टक्के’ असं उत्तर आलं. धाकट्या भावाने कॉलेजच्या प्रकल्पासाठी बनवलेलं मॉडेल मात्र ‘वर्षभर धोका नाही’ म्हणतं, आणि ते ८५ टक्के अचूक असल्याचं तो सांगतो. वडील रोज विचारतात, ‘मी यातून उठेन ना?’ यातलं खरं काय धरायचं?

वडिलांचा प्रश्न या दोन्ही आकड्यांपेक्षा वेगळा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ‘यातून उठेन ना’ हा पहिल्या तीन महिन्यांचा प्रश्न. त्यानंतर धाप न लागता चालता-फिरता येईल का, हा दुसरा. कर्करोग परतेल का, हा तिसरा. तिघांची उत्तरं ठरवणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि त्या एकाच टक्केवारीत कोंबल्या की हाती काहीच लागत नाही. इतकी वर्षं हे काम करून माझं एक मत पक्कं झालं आहे. ऑपरेशनआधीच्या अंदाजाचा खरा उपयोग तीन ठिकाणी होतो: कोणतं ऑपरेशन करायचं, त्याआधी रुग्णात काय सुधारायचं आणि कोणती तपासणी अजून राहिली आहे. या तिन्हींत तुमच्या वडिलांसाठी करण्यासारखं बरंच आहे.

आधी ते ६८ टक्के. फुफ्फुसाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या आयएएसएलसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने १६ देशांतल्या ९४,७०८ रुग्णांच्या नोंदींवरून टीएनएम वर्गीकरणाची, म्हणजे गाठ, ग्रंथी आणि दूरचा प्रसार यांवरून स्टेज ठरवण्याच्या पद्धतीची, आठवी आवृत्ती तयार केली. त्यात ऑपरेशनआधीच्या तपासण्यांवरून ठरवलेल्या स्टेजप्रमाणे पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण असं आहे: एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी, म्हणजे स्टेज १ए१ मध्ये ९२ टक्के, १ए२ मध्ये ८३, १ए३ मध्ये ७७, १बी मध्ये ६८, २ए मध्ये ६०, २बी मध्ये ५३, ३ए मध्ये ३६. तीन ते चार सेंटिमीटरची गाठ आणि लसिका ग्रंथी (कर्करोग बहुधा आधी ज्यांत पसरतो त्या जवळच्या ग्रंथी) स्वच्छ, म्हणजे १बी. कॅल्क्युलेटरने वडिलांना या रांगेत उभं केलं आणि रांगेचा आकडा सांगितला. वडिलांचं वय, श्वास, साखर, उतरलेलं वजन यांपैकी काहीही त्यात नाही.

या आकड्याबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे, ते रुग्ण १९९९ ते २०१० या काळात निदान झालेले आहेत. त्या काळात आजची बरीच औषधं नव्हती. २०२५ पासून नववी आवृत्ती लागू झाली, तिच्यात ग्रंथींची विभागणी अधिक बारकाईने केली आहे. तुमच्या वडिलांची स्टेज मात्र तिच्यातही १बी हीच राहते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ही स्टेज म्हणजे स्कॅन पाहून बांधलेला अंदाज. काढलेला लोब आणि ग्रंथी पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की काहींची स्टेज वर सरकते, कारण ग्रंथीतला काही मिलिमीटरचा प्रसार पेट-सीटीला दिसत नाही. छातीच्या मधोमध, श्वासनलिकेच्या आजूबाजूच्या ग्रंथीत कर्करोग असेल, तर आठव्या आवृत्तीप्रमाणे तीच ३.६ सेंटिमीटरची गाठ ३ए मध्ये जाते. ६८ च्या जागी ३६.

म्हणून अशा गाठीसाठी मी फक्त पेट-सीटीवर थांबत नाही. गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा फुफ्फुसाच्या मध्यभागाजवळ असेल, तर पेटमध्ये ग्रंथी शांत दिसत असल्या तरी त्यांचे नमुने घ्यावेत, असं युरोपीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. हे आता बहुतेक वेळा ईबसने होतं: तोंडातून श्वासनलिकेत दुर्बीण जाते, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते आणि सुईने ग्रंथीतल्या पेशी काढता येतात. छाती उघडावी लागत नाही. तुम्ही पाठवलेल्या माहितीत ईबसचा उल्लेख नाही. झालं नसेल तर सर्जनना हे पहिलं विचारा. कोणत्याही कॅल्क्युलेटरपेक्षा ही एक तपासणी वडिलांचा अंदाज जास्त बदलू शकते, आणि अंदाजाबरोबर उपचारांचा क्रमही.

आता भावाच्या मॉडेलबद्दल. त्याने वापरलेली माहिती बहुधा पोलंडमधल्या व्रोत्सवाफ इथल्या छातीच्या शस्त्रक्रिया केंद्राची असावी. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तीच सर्वात जास्त फिरते. २००७ ते २०११ या काळात फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी ऑपरेशन झालेले ४७० रुग्ण त्यात आहेत. त्यांपैकी ७० वर्षभरात दगावले, ४०० हयात राहिले. आता हिशेब करा. समोर येईल त्या प्रत्येकाला डोळे झाकून ‘जगेल’ म्हटलं, तरी ४७० पैकी ४०० वेळा उत्तर बरोबर येतं. म्हणजे ८५ टक्के. भावाचं मॉडेल नेमकं हेच करत असण्याची दाट शक्यता आहे. त्याला एकच प्रश्न विचारा: जे ७० दगावले, त्यांतल्या किती जणांना तुझ्या मॉडेलने आधी ओळखलं? उत्तर दोन-चार असेल, तर आपल्याला ज्यांची काळजी आहे त्यांच्याबद्दल ते मॉडेल काहीच सांगत नाही.

भावाची उमेद खचवायची नाही. हा मुलगा योग्य विषयाला भिडला आहे आणि अशी माणसं आम्हाला हवी आहेत. पण अचूकता हा इथे चुकीचा मापदंड आहे. दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दोन रुग्ण घेतले, तर जास्त धोका कुणाला हे मॉडेल किती वेळा बरोबर ओळखतं? नुसतं नाणं उडवलं तरी हे प्रमाण ०.५ येतं, ऑपरेशनआधीच्या माहितीवर बांधलेली बरीच मॉडेलं ०.७ च्या आसपास घुटमळतात. आणि दुसरं, ज्यांना मॉडेल ‘दहा टक्के धोका’ सांगतं, त्यांच्यापैकी खरोखर शंभरात दहा जणच दगावतात का? घरच्यांशी बोलताना मला ही दुसरी कसोटी जास्त मोलाची वाटते, कारण घरचे तो आकडा जसाच्या तसा धरतात.

आणखी एक अडचण आकडेमोडीत दिसतच नाही. त्या माहितीत फक्त ऑपरेशन झालेले रुग्ण आहेत. ज्यांना बघून कुणीतरी सर्जन ‘नको’ म्हणाला, ते त्यात नाहीतच. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि ज्यांचं ऑपरेशन झालं ते बाकी सगळं उत्तम असलेले असणार. त्यांच्यावरून मॉडेल शिकेल की नुकता झटका आला तरी फारसं बिघडत नाही. असा निष्कर्ष घेऊन कुणी टेबलावर गेलं तर जीवावर बेतेल.

मोठ्या नोंदींवर बांधलेली धोक्याची परिमाणंही आहेत. फ्रान्समधल्या १५ हजारांहून जास्त रुग्णांवरून २००७ मध्ये थोरॅकोस्कोर आलं. वय, लिंग, धाप, दैनंदिन हालचाल, प्रकृतीला भूलतज्ज्ञांनी दिलेली श्रेणी, इतर आजार, ऑपरेशन किती मोठं आणि किती तातडीचं अशा नऊ गोष्टींवरून ते रुग्णालयातच मृत्यू होण्याचा धोका सांगतं. इतर देशांत तपासल्यावर त्याचे अंदाज अनेकांना नीट जुळताना दिसले नाहीत. त्यानंतर युरोपात युरोलंग आणि ब्रिटनमध्ये ९० दिवसांवर लक्ष देणारं रिसेक्ट-९० आलं. ९० दिवस हा पल्ला मला पटतो. पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू मोजले की चित्र खूप गोंडस दिसतं. ९० दिवसांपर्यंत मोजलं तर तोच आकडा साधारण दुप्पट होतो. घरी गेल्यावर होणारा न्यूमोनिया, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, न भरून आलेली झीज हे सगळं तीस दिवसांच्या हिशेबातून निसटतं. तुमच्या सर्जनना त्यांच्या टीमचा स्वतःचा ९० दिवसांचा आकडा विचारा, तोही लोबेक्टॉमीचा, म्हणजे लोब काढण्याच्या ऑपरेशनचा, वेगळा. चांगल्या केंद्रांत लोब काढण्याच्या ऑपरेशनमध्ये मृत्यू शंभरात एक-दोनच्या घरात असतात. संपूर्ण फुफ्फुस काढायचं असेल तर धोका कितीतरी पटीने वाढतो.

वडिलांच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची किल्ली श्वासात आहे. काढल्यानंतर किती श्वास उरेल याचा हिशेब कागदावर करता येतो. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ भाग धरतात, उजवीकडे १० आणि डावीकडे ९. उजव्या वरच्या लोबचे तीन. तो काढला की १६ उरतात. ७२ ला १६ ने गुणून १९ ने भागा: एफईव्ही-१ साधारण ६१ टक्के उरेल. डीएलसीओ ५८ वरून ४९ वर येईल. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन्ही आकडे ६० च्या वर असतील तर पुढे तपासणी नको. कुठलाही एक ३० ते ६० मध्ये असेल तर रुग्णाला चालवून किंवा जिना चढवून पाहायचं. कुठलाही ३० च्या खाली असेल तर थेट व्यायामाची सविस्तर चाचणी. वडिलांचा डीएलसीओ मधल्या गटात आहे. म्हणजे एफईव्ही-१ चांगला दिसला म्हणून पुढे जाता येणार नाही, त्यांना चालवून पाहणं भाग आहे. सिगारेट ओढलेल्या माणसात हे वारंवार दिसतं: फुंकर जोरदार असते, पण वायूची देवाणघेवाण मंदावलेली असते. डीएलसीओ न मोजताच ऑपरेशन ठरलं, तर ही गोष्ट नजरेतून सुटते.

जिन्याची चाचणी ऐकायला साधी वाटते, पण तिच्याइतकं खरं बोलणारी तपासणी मला क्वचितच भेटली. २२ मीटर उंची, म्हणजे साधारण सात मजले, न थांबता चढणाऱ्याचा ऑपरेशनचा धोका कमी असतो. १२ मीटरही न चढू शकणाऱ्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण त्यांच्या तुलनेत जवळपास १३ पट आढळलं आहे. त्या जिन्यावर फुफ्फुस, हृदय, पायाचे स्नायू, रक्त आणि माणसाची जिद्द या सगळ्यांची एकत्र परीक्षा होते. शटल वॉकमध्ये, म्हणजे दोन खुणांमध्ये वाढत्या वेगाने ये-जा करण्याच्या चाचणीत, ४०० मीटरची मर्यादा धरतात. यात कमी पडलं, तर सायकलवर बसवून प्राणवायूचा कमाल वापर मोजतात: दर किलो वजनामागे मिनिटाला २० मिलिलिटरच्या वर असेल तर निश्चिंत, १० च्या खाली असेल तर लोब काढण्याचा विचार सोडलेला बरा. वडिलांना घरी जिन्यावर पळवू नका. ही चाचणी रुग्णालयात, बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून व्हायला हवी.

एक उलटी गोष्टही घडते. गाठ असलेला लोबच सिगारेटने पोखरलेला, फुगलेला असेल, तर तो मुळात फारसं काम करत नसतो. तो काढल्यावर श्वास कागदावरच्या हिशेबापेक्षा चांगला उरतो, कधी सुधारतोही. अशी शंका असेल तर रक्तप्रवाहाचा स्कॅन करून कोणता भाग किती काम करतो ते पाहतात.

उतरलेलं सहा किलो वजन मला डीएलसीओइतकंच खटकतं. वजन घटणं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असणं, सीटीत पाठीचे स्नायू बारीक झालेले दिसणं, रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या मानाने लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी असणं: या सगळ्या गोष्टी ऑपरेशननंतरच्या कमी आयुर्मानाशी जोडलेल्या आढळतात. बहुतेक कॅल्क्युलेटर त्या विचारतही नाहीत. कधी वजन घटणं हीच शरीरात इतरत्र पसरलेल्या आजाराची खूण असते, म्हणून अशा रुग्णात मेंदूचा एमआरआय झाला आहे ना, हे मी आवर्जून पाहतो. पेट-सीटी मेंदूसाठी भरवशाची नाही. मेंदूत काही सापडलं नाही, तर ऑपरेशनआधीचे दोन-तीन आठवडे वाया घालवू नका. रोजचं चालणं, श्वासाचे व्यायाम, भरपूर प्रथिनं, साखरेवर ताबा. अशा तयारीने ऑपरेशननंतरचे फुफ्फुसांचे त्रास कमी होतात हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. सिगारेट सोडून दोन महिने झाले ही वडिलांनी स्वतःसाठी केलेली सर्वात मोठी गोष्ट आहे, ती त्यांना मोठ्याने सांगा. तयारीच्या नावाखाली महिनोन्‌महिने घालवू नका, इतकंच.

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कर्करोग परतण्याचा. इथे ‘जगणं’ आणि ‘कर्करोग न परतणं’ यांची गल्लत होते. जपानमध्ये दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी पूर्ण लोब काढणं आणि लोबचा फक्त एक भाग काढणं यांची तुलना झाली; २०२२ मध्ये निकाल आले. भाग काढलेल्यांत कर्करोग त्याच जागी किंवा आसपास परतण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं, १०.५ टक्के विरुद्ध ५.४. तरीही पाच वर्षांनी त्यांच्यातले जास्त लोक हयात होते: ९४.३ टक्के विरुद्ध ९१.१. पूर्ण लोब काढलेल्या गटात इतर कारणांनी जास्त लोक गेले होते. २०२३ मध्ये अशाच आकाराच्या गाठींवरच्या, मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दोन्ही गटांत पाच वर्षांचा आकडा ८० टक्क्यांच्या आसपास होता. गाठी सारख्याच लहान, पण रुग्ण वेगळे, त्यांची हृदयं-फुफ्फुसं वेगळी आणि गाठींचं स्वरूपही वेगळं. सीटीत धुरकट दिसणारा भाग जास्त असलेली गाठ त्याच मापाच्या घट्ट गाठीपेक्षा सौम्य वागते. वडिलांची ३.६ सेंटिमीटरची गाठ पूर्ण घट्ट आहे की काही भाग धुरकट, हे रिपोर्टमध्ये पाहा.

याच कारणासाठी ऑपरेशन आणि किरणोपचार यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. ज्यांचं ऑपरेशन शक्यच नव्हतं अशा ५५ रुग्णांवरचा, फक्त गाठीवर नेम धरून दिलेल्या किरणोपचाराचा एक अमेरिकी अभ्यास २०१० मध्ये आला. तीन वर्षांनी मूळ गाठ ९७.६ टक्के रुग्णांत आटोक्यात होती, पण हयात ५५.८ टक्केच होते. गाठ थांबली होती. बरीच माणसं इतर जुन्या आजारांनी गेली. वडील चालण्याच्या आणि सायकलच्या चाचणीत फार कमी पडले, तर हा किरणोपचार त्यांच्यासाठी सन्मानाचा पर्याय आहे. त्याचे आकडे कमी दिसतात म्हणून त्याला हार समजू नका.

बायोप्सीच्या नमुन्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकीय तपासण्या आत्ताच मागा, ऑपरेशननंतरसाठी ठेवू नका. ईजीएफआरमध्ये बदल सापडला, तर ऑपरेशननंतर ओसिमर्टिनिबच्या गोळ्या देता येतात. स्टेज १बी ते ३ए च्या रुग्णांत त्यांनी पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ७८ वरून ८८ टक्क्यांवर नेलं. जुन्या ६८ च्या आकड्यात हे औषध नाही. ईबसमध्ये ग्रंथींत कर्करोग सापडला आणि जनुकीय बदल नसेल, तर ऑपरेशनआधी केमोबरोबर निवोलुमॅब (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारं औषध) देण्याचा मार्ग आहे: अशा उपचारांनंतर काढलेल्या भागात जिवंत कर्करोग अजिबात न उरण्याचं प्रमाण २४ टक्के होतं, नुसत्या केमोने २.२. म्हणजे ३६ टक्क्यांची जुनी ओळही आज जशीच्या तशी लागू होत नाही.

वडिलांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. त्यांनी ‘उठेन ना’ विचारलं आहे, पाच वर्षांचं विचारलेलं नाही. चाचण्या नीट उतरल्या, तर त्यांच्यासारख्या शंभर जणांतले बहुतेक सगळे ऑपरेशनमधून घरी जातात, हे त्यांना सांगता येईल आणि ते खरं आहे. पहिले काही आठवडे धाप लागेल, दुखेल, खोकला येईल, हेही सांगा. पुढचं विचारलं तर लपवू नका, पण ६८ टक्के असं एकटं वाक्य त्यांच्या हाती देऊ नका. ग्रंथींचा निकाल यायचा आहे, त्यावर पुढचं ठरेल, असं सांगा.

ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की आत्ताचे सगळे आकडे बाजूला ठेवा. कडा स्वच्छ आहेत का, किती ग्रंथी काढल्या आणि त्यांत काय निघालं, फुफ्फुसाच्या आवरणात शिरकाव आहे का, गाठीबाहेरच्या हवेच्या पोकळ्यांत पेशी पसरल्या आहेत का, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. परतणारा कर्करोग बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो, त्यामुळे ती वर्षं निर्धोक गेलेल्या माणसासाठी पुढच्या पाच वर्षांचा अंदाज आजच्यापेक्षा बराच चांगला असतो. तो रिपोर्ट आणि जनुकीय तपासणीचा निकाल हातात आल्यावर मला पुन्हा लिहा.